आलाच आहात तर बीपी बघून घेऊ

"मला काही त्रासच नाहीये, मग गोळी कशाला?" हा प्रश्न मला रोज कोणी ना कोणी विचारतंच, आणि खरं सांगू का, अख्ख्या प्रॅक्टिसमधला मला हा सगळ्यात रास्त प्रश्न वाटतो. ताप आला, पाठ धरली, घसा बसला की माणूस आपल्या पायाने येतो आणि बरं वाटलं की खूश होऊन जातो. बीपी १६० असलेला माणूस मात्र मजेत असतो, त्याची झोप छान, भूक छान, आणि त्याला आपण सांगतो की ही गोळी रोज घ्या, बहुतेक कायमची, आणि हो, हिच्याने तुम्हाला आज काहीही बरं वाटणार नाहीये, उलट पहिले काही दिवस जरा गरगरेल. कोण घेईल? घेतात लोक, हेच आश्चर्य आहे.

मी फॅमिली डॉक्टर आहे. हार्ट अटॅकचं सगळं नाट्य हॉस्पिटलात घडतं, तिथे अँब्युलन्स, स्टेंट, मध्यरात्री हातावर हात चोळणारे नातेवाईक आणि शेवटी "डॉक्टर, तुम्ही देव आहात". आमच्या खोलीत काही घडत नाही. घडू नये म्हणूनच बसलोय. पण न घडलेल्या गोष्टीचं श्रेय कुणाला द्यायचं, आणि मुळात ती घडणार होती हे तरी कुणाला माहीत, त्यामुळे या कामात आभार वगैरे फारसे मिळत नाहीत, ते आधीच मनातून काढून टाकलेलं बरं.

हे असं आधीपासून सावध होणं तसं नवीनच आहे. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं उदाहरण मी अधूनमधून पेशंटना सांगतो. त्यांचे खासगी डॉक्टर होते कान-नाक-घशाचे. मार्च १९४४ मध्ये हॉवर्ड ब्रूएन नावाच्या तरुण कार्डिऑलॉजिस्टने त्यांना तपासलं तेव्हा बीपी १८६/१०८ आणि हार्ट फेल होत आल्याची लक्षणं. साधारण वर्षभराने, १२ एप्रिल १९४५ ला, मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, त्या दिवशीचं बीपी नोंदवलंय ३००/१९०. जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाची ही अवस्था, कारण त्या काळी भलेभले डॉक्टर असंच धरून चालायचे की वय झालं की बीपी वाढतंच, शरीराला ते लागतं, उगाच हात लावू नका. आणि लावायचा म्हटलं तरी धड औषध कुठे होतं.

मग १९४८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम या छोट्या शहरात एक अभ्यास सुरू झाला, ३० ते ६२ वयाची ५,२०९ माणसं घेतली, सगळ्यांची मोजमापं लिहून ठेवली आणि चक्क वाट बघत बसले. कुणाला अटॅक येतो, कुणाला येत नाही. हा अभ्यास अजून चालू आहे, आता नातवंडांची पिढी आहे त्यात. बीपी, कोलेस्टेरॉल, सिगरेट, डायबेटिस ही जी यादी आज शाळेतल्या पोरालाही पाठ असते ती बरीचशी त्या वाट बघण्यातून आली. पुढे २००४ मध्ये इंटरहार्ट नावाच्या ५२ देशांतल्या अभ्यासात दिसलं की पहिल्या हार्ट अटॅकची साधारण ९० टक्के रिस्क मोजता येण्यासारख्या नऊ गोष्टींत सापडते आणि हे जगात सगळीकडे जवळपास सारखंच आहे. म्हणजे "अचानक आला हो, काहीच नव्हतं त्यांना" असं जे आपण ऐकतो, त्यात "काहीच नव्हतं"चा अर्थ बरेचदा "कुणी बघितलंच नव्हतं" एवढाच असतो.

आता रिस्क मोजायची कशी, तर त्याचे तक्ते आणि कॅल्क्युलेटर आहेत. वय, स्त्री की पुरुष, सिगरेट, वरचं बीपी, कोलेस्टेरॉल, डायबेटिस एवढं भरलं की पुढच्या १० वर्षांत अटॅक किंवा स्ट्रोक येण्याची शक्यता टक्क्यांत येते. एका देशातल्या लोकांवर बनवलेला तक्ता दुसरीकडे चुकतो, म्हणून डब्ल्यूएचओने २०१९ मध्ये जगाचे २१ भाग पाडून वेगवेगळे तक्ते काढले, आणि जिथे लॅब नाही तिथे कोलेस्टेरॉलऐवजी वजन-उंची टाकून चालेल असाही एक प्रकार दिला. छान काम आहे. पण समोरच्या माणसाला "तुमची रिस्क २० टक्के" असं म्हटलं की तो दोनच गोष्टी ऐकतो, एकतर "अरे बापरे" नाहीतर "म्हणजे ८० टक्के मी सेफ". दोन्हीत चूक काही नाही म्हणा.

म्हणून मी कागद घेतो आणि सांगतो, काका, तुमच्यासारखीच १०० माणसं धरा, हेच वय, हेच बीपी, हीच सिगरेट. १० वर्षांत यातल्या २० जणांना अटॅक किंवा स्ट्रोक येणार. आता सगळ्या १०० जणांनी वरचं बीपी १० ने खाली आणलं आणि तिथेच ठेवलं तर साधारण पाचवा हिस्सा कमी होतो, म्हणजे २० चे १६. चौघं वाचले. ८० जणांना तसंही काही होणार नव्हतं, १६ जणांना गोळ्या घेऊनही होईल, आणि ते चौघं कोण हे मलाही कळणार नाही, त्यांनाही नाही, कधीच नाही. हे एवढं सरळ सांगितलं की लोक पळून जातील असं काही डॉक्टरांना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. काहीजण कागद मागून घेतात, घडी घालून खिशात ठेवतात. जाहिरातीत आणि व्हॉट्सॲपवर मात्र "रिस्क २० टक्क्यांनी घटते" एवढंच येतं, कशाच्या २० टक्के ते कुणी सांगत नाही, आणि मग माणूस फसवल्यासारखा होतो.

कॅल्क्युलेटरची एक गंमत अशी की वय त्यात सगळ्यावर भारी पडतं. पस्तिशीतला पोरगा दिवसाला पाकीटभर सिगरेट ओढतो, बीपी १५०, तरी १० वर्षांचा आकडा कमीच येतो कारण वयच कमी, आणि तो आकडा बघून खूश होतो. सत्तरीच्या ठणठणीत माणसाचा आकडा मात्र नुसत्या वयामुळे लाल रंगात जातो आणि तो बिचारा घाबरतो. त्यामुळे तरुणांच्या बाबतीत मी १० वर्षांचं बोलतच नाही. स्क्रीन त्याच्याकडे वळवतो, वय तेच ठेवतो, आणि सिगरेटच्या ठिकाणी "नाही" करून दाखवतो. आकडा खाली येतो ते तो स्वतःच्या डोळ्यांनी बघतो. मग वय वाढवून पुन्हा तेच. दोन-चार वेळा असं झालंय की पोराने माऊस माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच खेळत बसला, मी गप्प. त्या पाच मिनिटांत माझ्या तोंडून सिगरेटवर एक वाक्य गेलेलं नसतं. तसं साधं विचारणं आणि "सोडायची असेल तर मी मदत करतो" एवढं म्हणणं यानेही थोडी माणसं सोडतात हे सिद्ध झालेलं आहे, आणि सोडल्यावर वर्षभरात हृदयाची जादाची रिस्क निम्म्यावर येते. एवढा परतावा दुसऱ्या कुठल्याच उपायात नाही.

बरं हे सगळं ज्या बीपीवर उभं आहे ते बीपी घेतलं कसं जातं ते बघा. माणूस धावतपळत येतो, जिना चढून, शर्टाच्या बाहीवरूनच कफ गुंडाळला जातो, पाय टेबलावरून लोंबकळतायत, हात हवेत, आणि वर आपण विचारतो "काय म्हणता, घरी सगळे ठीक?" आणि तो सांगायला लागतो की मुलीच्या ॲडमिशनचं काय झालं. आलं १५८. या १५८ मधले किती त्याचे आणि किती जिन्याचे, ॲडमिशनचे आणि तुंबलेल्या लघवीचे? खरं तर पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला, उघड्या दंडावर कफ, आणि बोलायचं नाही. त्याआधी अर्धा तास चहा-कॉफी-सिगरेट नाही. एक रीडिंग घेऊन थांबायचं नाही, दोन तरी घ्यायची. यातली "बोलायचं नाही" ही अट सगळ्यात अवघड, पेशंटपेक्षा मलाच.

शंका असेल तर घरी मोजायला सांगतो, आठवडाभर, सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन रीडिंग, पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी. घरी १३५/८५ म्हणजे क्लिनिकमधल्या १४०/९० च्या बरोबरीचं धरायचं. काही जणांचं घरी एकदम नॉर्मल येतं, नुसतं डॉक्टरला बघूनच वाढतं. काहींचं उलट, माझ्यासमोर गुणी बाळ आणि घरी १५०, हे जास्त धोक्याचे कारण ते सापडतच नाहीत. आणि काहीजण वही आणतात ती अशी असते: १२०/८०, १२०/८०, १२०/८०, सगळीकडे एकाच पेनने, एकाच बैठकीत लिहिलेलं. मी काही बोलत नाही, फक्त म्हणतो मशीन घेऊन या पुढच्या वेळी, आतली मेमरी बघू. मग हसतात.

या सगळ्यात माझा खरा आदर्श म्हणजे ज्युलियन ट्यूडर हार्ट. वेल्समध्ये ग्लिनकोरग नावाच्या कोळसा खाणीच्या गावात जनरल प्रॅक्टिस करणारा डॉक्टर. १९६० च्या दशकात याने ठरवलं की गावातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचं बीपी मोजायचं. कॅम्प लावला नाही, मोहीम काढली नाही. जो कोणी ज्या कशासाठी येईल, खोकला असो, गुडघा असो, नाहीतर नुसतं सर्टिफिकेट हवं असो, आलाच आहात तर बीपी बघून घेऊ. आणि जे आलेच नाहीत त्यांची नावं काढून त्यांच्या मागे लागायचं. मुद्दा त्या न येणाऱ्यांचाच आहे. १९७१ मध्ये त्याने लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की चांगल्या वैद्यकीय सेवेची गरज जिथे जास्त तिथेच ती कमी मिळते, हा जणू उलटा नियमच आहे, आणि सेवा जितकी बाजाराच्या हातात तितका तो नियम कडक. हे नुसतं लिहून तो थांबला नाही, पंचवीस वर्षं तेच काम करत राहिला, आणि १९९१ मध्ये हिशोब मांडला तेव्हा त्याच्या गावात शेजारच्या गावापेक्षा अकाली मृत्यू कमी होते. २०१८ मध्ये तो गेला. आपल्याकडे कोण येतंय यावर सगळ्यांचंच लक्ष असतं, कोण येत नाहीये याची यादी ठेवणारा डॉक्टर मला आजही विरळाच वाटतो. त्याला हुशारी लागत नाही, एक रजिस्टर आणि फोन करणारी एक चिकाट नर्स लागते. आमची नर्स पेशंटच्या सुनेचा नंबरसुद्धा वेगळा लिहून ठेवते, कारण तिच्या मते बाबा फोन उचलत नाहीत, सून उचलते.

गोळ्यांचं सांगतो. "गोळ्या वेळेवर घेता ना?" या प्रश्नाला जगात एकच उत्तर आहे, "हो डॉक्टर". म्हणून तो प्रश्नच बाद. मी विचारतो, "गेल्या आठवड्यात साधारण किती चुकल्या? सगळ्यांच्याच चुकतात." मग कळतं. त्याहून बरं म्हणजे पिशवी घेऊन या म्हणायचं. पिशवी टेबलावर ओतली की खरं काय चाललंय ते दिसतं: एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या स्ट्रिप आणि दोन्ही चालू, एक स्ट्रिप अर्धी फोडलेली आणि एक्सपायरी होऊन गेलेली, एक अख्खी कारण "ती मोठी आहे, घशात अडकते", आणि एकीवर पेनने केलेली फुली, ती का केली ते स्वतः काकूंनाही आठवत नाही. डब्ल्यूएचओने २००३ मध्येच सांगितलंय की जुनाट आजारांत श्रीमंत देशांतसुद्धा निम्मेच लोक औषधं नीट घेतात. अशा वेळी बीपी आटोक्यात नाही म्हणून नवीन औषध जोडणं म्हणजे न घेतलेल्या गोळ्यांत एका न घेतलेल्या गोळीची भर.

पण सगळं पेशंटच्या माथी मारू नका. पेशंट गोळ्या व्यवस्थित घेतोय, बीपी तरी १५२, आणि आमची डॉक्टर मंडळी म्हणतात "आज जरा दगदग झाली असेल, पुढच्या वेळी बघू". पुढच्या वेळी पुन्हा तेच. वर्ष निघून जातं. एक गोळी वाढवत वाढवत दुप्पट केली तर बीपी थोडंसंच उतरतं, त्यापेक्षा वेगळ्या जातीची दुसरी गोळी थोड्या डोसमध्ये जोडली तर त्याच्या साधारण पाचपट उतरतं, तरी दुसरी गोळी लिहायला हात का कचरतो कोण जाणे. कॅलिफोर्नियात कायझर परमनंटे या मोठ्या आरोग्यसंस्थेने हे गणित सोडवून दाखवलं. सगळ्या बीपीवाल्यांचं एक रजिस्टर, सगळ्या डॉक्टरांना एकच साधी पद्धत, दोन औषधं एकाच गोळीत, आणि औषध बदलल्यावर दोन ते चार आठवड्यांत फक्त बीपी मोजायला यायचं, तेही डॉक्टरकडे नाही, असिस्टंटकडे, पैसे न घेता. २००१ मध्ये बीपी आटोक्यात असलेले होते सुमारे ४४ टक्के, २००९ मध्ये ८०. औषधं जुनीच, स्वस्तातली. मी तर म्हणतो या आजारात पहिली व्हिजिट नुसती ओळखपाळख, खरं काम दुसऱ्या-तिसऱ्या व्हिजिटला होतं, आणि नेमक्या त्याच व्हिजिट होत नाहीत कारण त्या येणाऱ्याला निरर्थक वाटतात. रांगेत तासभर बसायचं, दंडाला कफ लावायचा आणि "ठीक आहे, चालू ठेवा" ऐकून घरी जायचं. यासाठी कोण सुट्टी टाकेल?

म्हणून लॉस एंजेलिसचा तो सलूनचा प्रयोग मला फार आवडतो. कृष्णवर्णीय पुरुषांमध्ये बीपी जास्त आणि दवाखान्यात येणं कमी, पण केस कापायला मात्र नेमाने येतात, त्याच न्हाव्याकडे, वर्षानुवर्षं. तर ५२ सलून घेतली, ३१९ माणसं. निम्म्या दुकानांत न्हाव्याने फक्त सल्ला दिला की बाबा डॉक्टरांकडे जा. बाकीच्यांत फार्मासिस्टच दुकानात येऊन बीपी मोजायचा आणि डॉक्टरांशी ठरवलेल्या पद्धतीने तिथेच औषध सुरू करायचा. सहा महिन्यांत सल्ल्याच्या दुकानांत वरचं बीपी सुमारे ९ ने उतरलं, फार्मासिस्टच्या दुकानांत २७ ने. २०१८ ला हे छापून आलं. मी ते वाचून आमच्या वेटिंग रूमकडे जरा वेगळ्या नजरेने बघितलं, त्या खुर्च्यांत कुणी स्वतःच्या आनंदाने येऊन बसेल असं एकही कारण मला सापडलं नाही.

आता स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी. या गोळीइतकी बदनामी दुसऱ्या कशाची झाली नसेल. अकिरा एंडो नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात हजारो बुरश्या तपासून पहिलं स्टॅटिन शोधलं, १९८७ ला पहिली गोळी बाजारात आली, १९९४ ला आधीच हृदयविकार असलेल्या ४,४४४ लोकांच्या ट्रायलमध्ये मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झालेले दिसले. एवढं असूनही समोर बसलेल्या काकू म्हणतात, "ती गोळी घेतली की पोटऱ्या दुखतात हो, मी बंद केली." आणि पोटऱ्या खरंच दुखत असतात, ढोंग नसतं. २०२० मध्ये यावर एक झकास प्रयोग छापून आला, सॅमसन नावाचा. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेले ६० जण घेतले, प्रत्येकाला वर्षभराच्या बाटल्या दिल्या, चार महिन्यांची स्टॅटिन, चार महिन्यांची खोटी गोळी, चार महिन्यांच्या रिकाम्या, क्रम मागेपुढे. रोज फोनवर त्रासाचे मार्क द्यायचे. निघालं असं की स्टॅटिनवर होणारा ९० टक्के त्रास खोट्या गोळीवरही होत होता. स्वतःचे मार्क स्वतः बघितल्यावर त्यातल्या निम्म्यांनी गोळी परत सुरू केली.

हे मी काकूंना सांगितलं तेव्हा त्या जरा रागावल्याच, "म्हणजे माझं दुखणं खोटं?" नाही हो, दुखणं खरं, फक्त ते गोळीतल्या औषधाने आहे की गोळी घेण्याच्या धास्तीने ते बघू. एक महिना बंद, एक महिना कमी डोस, कॅलेंडरवर रोज शून्य ते दहा मार्क. रक्तात सीपीके (स्नायूंना इजा झाली की वाढतं ते) तपासून घेतलं, कारण क्वचित स्नायूंना खरीच इजा होते आणि ती चुकवून चालत नाही. कॅलेंडर त्यांनी इतकं नेटकं ठेवलं की मी थक्क. बंद असलेल्या महिन्यातही पोटऱ्यांना चार-पाच मार्क होतेच. आता त्या रात्रीऐवजी सकाळी घेतात, वेगळं स्टॅटिन, कमी डोस. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, अजून मला हवं तेवढं उतरलेलं नाहीये, पण न घेतलेल्या मोठ्या डोसपेक्षा घेतलेला छोटा डोस कधीही बरा.

कोणी "नको" म्हटलं तर? म्हणू दे. सगळं समजून उमजून नको म्हणणारा आणि न समजता हो म्हणणारा यांत मला पहिला जास्त भरवशाचा वाटतो, कारण तो पुन्हा बोलायला येतो. फाइलमध्ये लिहून ठेवतो, वर्षभराने परत विचारतो. आणि एक कबूल करायलाच हवं की खोलीत बसून होणाऱ्या कामाला मर्यादा आहे. जेफ्री रोझ या साथरोगतज्ज्ञाने १९८० च्या दशकात दाखवून दिलं की बहुतेक अटॅक हाय रिस्कवाल्या मूठभरांना येत नाहीत, मधल्या रिस्कच्या प्रचंड गर्दीतून येतात, कारण गर्दीच तेवढी मोठी आहे. त्या गर्दीसाठी पाकिटातल्या पदार्थांतलं मीठ कमी करणारा कायदा, तंबाखूवरचा टॅक्स, चालायला धड फुटपाथ हे माझ्या प्रिस्क्रिप्शनपेक्षा जास्त काम करतात. फुटपाथ मी लिहून देऊ शकत नाही. तरी माणसाला सांगतो "रोज चाला", आणि तो विचारतो "कुठे?", आणि मी खिडकीबाहेर बघतो.

हल्ली एक उलटी बाजूही जास्त दिसायला लागलीय, ती म्हणजे गोळ्या कमी करायची. ८० च्या पुढे बीपीचं औषध देऊच नये असं पूर्वी काहीजण म्हणायचे, २००८ च्या हायव्हेट ट्रायलने ते खोडून काढलं, त्या वयातही फायदा होतो. पण त्यातले लोक बऱ्यापैकी धडधाकट होते. माझ्याकडे येणाऱ्या एक आजी ८६ च्या, वजन उतरलेलं, बीपीच्या तीन गोळ्या, बसून १२४, मस्त, मुलगा खूश. उभं करून मिनिटभराने घेतलं तर ९८. गेल्या महिन्यात बाथरूममध्ये तोल गेला होता, ते त्यांनी घरी सांगितलंच नव्हतं, मुलगा पार्किंगमध्ये गाडी लावायला गेला तेवढ्यात मला सांगितलं. एक गोळी काढली. मुलाला अजिबात पटलं नाही, इतकी वर्षं तुम्हीच म्हणत होतात चुकवायची नाही म्हणून. बरोबर आहे त्याचं, म्हणत होतो. त्यालाही उभ्याने बीपी कसं घ्यायचं ते दाखवलं, दोन आठवडे रोज सकाळी घे म्हटलं, आणि नर्सने त्याच्या बायकोचा नंबर रजिस्टरला लिहून घेतला.